जळगावात बसून डेव्हलपरने ओळखी कुठे आणि कशा वाढवाव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावातून, घरूनच एका छोट्या कंपनीचं जँगोचं (पायथॉन भाषेत वेबसाइट बनवायचा फ्रेमवर्क) काम करता, लिंक्डइनवर पाचशेच्या वर कनेक्शन आहेत, टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवर ढिगाने ग्रुप आहेत, पण रेफरल, म्हणजे कंपनीतल्या माणसाकडून नोकरीसाठी शिफारस, मागितला की समोरून शांतता. पुण्याच्या मीटअपला येणं जमत नाही. मग कुठल्या कम्युनिटीत जावं?

जँगोच्याच जा. रोज ज्यावर काम करता तिथेच. बाकीचे ग्रुप म्यूट करा, सोडले तरी काही बिघडत नाही. त्या ग्रुपांत सगळे तुमच्यासारखेच नोकरी शोधणारे असतात. सगळेच वऱ्हाडी, यजमान कुणीच नाही.

मी पुण्यात बॅकएंडची (पडद्यामागच्या कोडची) टीम बघतो आणि मुलाखती घेतो, म्हणून समोरच्या बाजूने सांगतो. रेफरल देणारा आपलं नाव पणाला लावत असतो. त्याला तुमच्या कामाबद्दल एक तरी वाक्य स्वतःच्या माहितीवर म्हणता आलं पाहिजे. पाचशे कनेक्शनपैकी असं वाक्य म्हणू शकणारे किती, तेवढं मोजा.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये मांडलं होतं की नोकरीची खबर जिवलगांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते, कारण जिवलगांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. 2022 मध्ये लिंक्डइनच्या 2 कोटींहून जास्त सदस्यांवरच्या प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या म्हणण्याला दुजोरा मिळाला, पण एक दुरुस्तीही झाली: सर्वांत उपयोगी ठरल्या त्या मधल्या अंतराच्या ओळखी. अगदी नावापुरत्या ओळखींचा तेवढा उपयोग दिसला नाही. तुमची अडचण नेमकी इथे आहे. घरचे आणि कॉलेजचे मित्र आहेत, नावापुरते पाचशे आहेत, मधलं कुणीच नाही.

ही मधली माणसं कामातून मिळतात. जँगो ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही पाहू आणि सुधारू शकतं, आणि त्यात शिरायला नवीन फीचर लिहावं लागत नाही. जँगोचे बग (कोडमधल्या चुका) 'ट्रॅक' नावाच्या ट्रॅकरवर, म्हणजे तक्रारींच्या खुल्या यादीवर, तिकिटांच्या रूपात असतात; एक तक्रार म्हणजे एक तिकीट. नवीन आलेलं तिकीट आधी 'अनरिव्ह्यूड' (अजून कुणी न तपासलेलं) असतं. ते उघडा, दिलेला बग आपल्या मशीनवर येतो का पाहा, आणि कुठल्या व्हर्जनवर आला, कुठल्यावर नाही ते लिहा. आधी चालत होतं आणि आता बिघडलं अशी तक्रार असेल तर 'गिट बायसेक्ट' ही कमांड लावून नेमक्या कुठल्या कमिटपासून (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलापासून) बिघडलं ते शोधून द्या. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते करणारे लक्षात राहतात. कुणाच्याही परवानगीची गरज नाही. 'ईझी पिकिंग्ज' अशी खूण असलेली सोपी तिकिटंही आहेत, पण त्यांवर गर्दी फार. त्यापेक्षा दुसऱ्याचा पॅच (सुचवलेली दुरुस्ती) चालवून पाहा आणि त्यात कुठली टेस्ट (आपोआप होणारी तपासणी) राहिली ते सांगा. असा रिव्ह्यू करणाऱ्यांची टंचाई प्रत्येक प्रोजेक्टात असते. थोडा हात बसला की 'जँगोनॉट स्पेस'ला अर्ज करा. तिथे छोट्या गटात आठ आठवडे मार्गदर्शक मिळतो, आणि सगळं ऑनलाइन असतं.

एक गोष्ट मात्र करू नका: रीडमीतला (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमधला) स्वल्पविराम बदलून पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी विनंती, पाठवणं. 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ऑक्टोबरमधली ओपन सोर्सची मोहीम) बक्षिसाच्या टी-शर्टसाठी लोकांनी असल्या पुल रिक्वेस्टचा इतका पूर आणला की आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला. तेव्हापासून ज्या रेपोने (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्याने) स्वतःहून भाग घेतला असेल तिथलीच पुल रिक्वेस्ट धरतात. त्या पुरात आपल्याकडची मंडळी कमी नव्हती. मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारे) लोक वैतागाने नावं लक्षात ठेवतात, हे ध्यानात असू द्या.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटबद्दल वेगळं विचारलं आहे. नवख्याला तिथे अपमान झाल्यासारखं वाटतं, ते मला मान्य आहे. 50 रेप्युटेशन (तिथले गुण) होईपर्यंत दुसऱ्याच्या पोस्टवर साधी कॉमेंटही करता येत नाही, आणि पहिला प्रश्न बरेचदा बंद होतो. ओळखी होण्याची ती जागा नाहीच. पण तिथला एक नियम सगळीकडे न्या: प्रश्न विचारताना अडचण दाखवणारा कमीत कमी कोड द्या, जो दुसऱ्याला जसाच्या तसा चालवता येईल. 'माझं मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) चालत नाही, प्लीज हेल्प' याला जँगो फोरमवरही कोणी हात लावणार नाही. दोन मॉडेल (डेटाची रचना सांगणारा कोड), पूर्ण ट्रेसबॅक (चुकीचा पूर्ण संदेश) आणि व्हर्जन नंबर दिलेत की तासाभरात कुणीतरी बोलायला लागतं. एआयला विचारून मिळालेलं उत्तर न तपासता तिथे चिकटवू नका. लगेच ओळखू येतं.

इंग्रजीची भीती लिहिलीत. छोटी वाक्यं लिहा, चालतं. त्या ट्रॅकरवर जर्मन, ब्राझिलियन, जपानी असे सगळे मोडकंतोडकं लिहितात. फक्त 'रिस्पेक्टेड सर' नको. तिथे एकेरी नावानेच हाक मारतात, वय आणि पद कुणी विचारत नाही. आपल्याला सुरुवातीला अवघड जातं, मग सवय होते. मराठीचा उपयोग करायचा असेल तर जँगोचं भाषांतर ट्रान्सिफेक्स या साइटवर चालतं, त्यात मराठी आहे; फायरफॉक्स ब्राउझरचं पाँटून या साइटवर. जरूर करा, चांगली माणसं भेटतात. पण त्यावरून तुमच्या पायथॉनबद्दल कुणी मत बनवणार नाही, तेव्हा नोकरीच्या आशेने करू नका.

प्रत्यक्ष भेटीचं म्हणाल तर दर महिन्याच्या मीटअपचा हट्ट सोडा. 2009 पासून पायकॉन इंडिया ही पायथॉनवाल्यांची परिषद होते, वर्षातून एकदा. प्रवेशाचे आणि रेल्वेचे पैसे तिथे घाला. ज्यांच्याशी ट्रॅकरच्या तिकिटांवर बोलणं झालंय त्यांना आधी कळवून भेटा. भाषणं नंतर यूट्यूबवर येतातच, त्यामुळे हॉलपेक्षा बाहेरच्या चहाला जास्त वेळ द्या. शेवटी स्प्रिंट (एकत्र बसून कोड लिहायची सत्रं) असतील तर त्या चुकवू नका. एका टेबलावर चार तास कोड लिहिल्यावर जी ओळख होते ती मेसेजने होत नाही.

पैसे घेऊन रेफरल देणारे 'प्रीमियम कम्युनिटी'वाले सरळ ब्लॉक करा.

आणि रेफरलचा मेसेज. चार ओळी पुरेत: आपली ओळख कुठल्या तिकिटावर झाली, कुठल्या जागेसाठी अर्ज करताय त्याची लिंक, ती जागा तुम्हाला का जमेल याचं एक वाक्य, आणि तुमच्या दोन कामांच्या लिंक. रेझ्युमे जोडा, 'कॉल करू का?' विचारू नका. 'जमणार नसेल तरी हरकत नाही' असं लिहिलंत तर समोरच्याला उत्तर द्यायला सोपं जातं. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, त्यानंतर नाही.