एसीएलच्या (गुडघ्यातलं, हाडांना जोडून ठेवणारं लिगामेंट) ऑपरेशनला सहा महिने झाले. भाऊ मॅच खेळायला तयार आहे हे कसं ओळखायचं?

सहा महिने झाले, एमआरआय चांगला आला आणि क्लबवाले लीगसाठी मागे लागलेत, असं तुम्ही लिहिलंय. यातल्या एकाही कारणावर भावाला मैदानात उतरवू नका. एमआरआयमध्ये नवं लिगामेंट जागेवर दिसतं. पळता पळता एकदम वळल्यावर मांडीचे स्नायू गुडघ्याला सांभाळतील का, ते त्यात दिसत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या एका अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवला, तितकी पुन्हा दुखापत कमी झाली. दर महिन्यामागे साधारण ५१ टक्क्यांनी.

मी नागपुरात फिजिओ आहे, मोहननगर-कामठीचे फुटबॉल खेळणारे पोट्टे नेहमी येतात. सगळ्यांना ठाऊक असलेली चाचणी म्हणजे एका पायावर लांब उडी. त्याच पायावर उतरायचं, तोल सांभाळायचा, टेपने अंतर मोजायचं. ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या ९० टक्के गेला की पास, असं म्हणतात. गोम इथेच आहे. समजा एक पाय १२६ सेंटीमीटर गेला, दुसरा १४०. झाले ९० टक्के! पण दुखापतीआधी तो चांगला पाय १६० जात असेल तर? सहा महिन्यांत तोही कमजोर झालेला असतो. जुन्या आकड्याशी ताडून पाहिलं तर पोरगा ७९ टक्क्यांवरच आहे. म्हणून सीझनआधी सगळ्यांच्या उड्या मोजून वहीत लिहून ठेवा, असं मी कोच लोकांना सांगत असतो. खर्च एका टेपचा. पण ऐकतं कोण?

अंतर जमलं तरी उतरतो कसा ते बघा. समोरून मोबाईलवर स्लो मोशन काढा. गुडघा आत वळतो का? पाय ताठ ठेवून उतरतो का? कंबर आणि घोट्याच्या जोरावर लांब उडी मारून कमजोर गुडघा लपवता येतो, म्हणून मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद फिजिओकडून मशीनवर वेगळी मोजून घ्या. हे घरी करू नका. उडीची चाचणी सरावानंतर दमलेल्या पायांवरही एकदा घ्या. मॅचमध्ये पाय ताजे नसतात. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, तर भार जास्त झाला.

भीतीही मोजता येते. बारा प्रश्नांची एसीएल-आरएसआय नावाची प्रश्नावली आहे, १०० पैकी गुण मिळतात; जितके जास्त, तितकी भीती कमी. टॅकलला जाताना कचरणारा खेळाडू अर्धवट पाय घालतो, ते जास्त धोक्याचं.

हे सगळं जमलं तरी थेट मॅच नाही. आधी एकट्याने बॉलसोबत वळणं, मग धक्काबुक्कीशिवाय टीमसोबत, मग पूर्ण सराव, आणि नंतर शेवटची १५-२० मिनिटं. क्लबला एवढंच विचारा, की या टप्प्यांपैकी भाऊ कुठे आहे असं त्यांना वाटतं. उत्तर नसेल तर ही लीग सोडा.