गाण्यातील भावना बदलत जात असतील, तर म्युझिक व्हिडिओचे नियोजन कसे करावे?

गाणे उदासीत सुरू होऊन उल्हासाकडे जाते, तेव्हा दृश्यांची आखणी कशी करावी, असे आपण विचारले आहे. कॅमेऱ्याचा विचार करण्याआधी गाणे हेडफोन लावून ऐकावे आणि भाव नेमका कोणत्या सेकंदाला वळतो ते कागदावर नोंदवावे. हा बदल पुष्कळदा शब्दांच्या आधी वाद्यमेळात होतो, म्हणजे ताल थांबतो किंवा नवे वाद्य शिरते, आणि दृश्यही तिथेच वळले पाहिजे. मुखडा त्याच शब्दांनी परत येत असला, तरी मधल्या अंतऱ्याने त्याचा अर्थ बदललेला असतो, म्हणून चौकट, म्हणजे कॅमेऱ्यातून दिसणारी दृश्यरचना, तीच ठेवून प्रकाश किंवा पात्राची नजर बदलणे मला सर्वांत परिणामकारक वाटते. लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल, तर सेकंदाला २४ फ्रेमच्या, म्हणजे २४ स्थिर चित्रांच्या, व्हिडिओत एक ठोका १२ फ्रेमचा होतो, आणि तालावर कट द्यायचा, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जायचे, तर हा हिशेब उपयोगी पडतो. मात्र उदास भागात प्रत्येक ठोक्यावर कट देऊ नये, शॉट लांबू द्यावा. तिथे गायक स्लो मोशनमध्ये हवा असेल, तर सेटवर गाणे दुप्पट वेगाने वाजवून सेकंदाला ४८ फ्रेमने चित्रीकरण करावे, म्हणजे २४ फ्रेमने दाखवताना ओठ मूळ गाण्याशी जुळतात. वेशभूषा आणि रंगसंगती त्यानंतर ठरवली तरी चालते.