कायद्याचा सल्ला : माजी आमदार न्यायमूर्ती होऊ शकतो का?

प्रश्न : आमच्या भागातले एक वकील पूर्वी आमदार होते. आता संभाजीनगरच्या खंडपीठात वकिली करतात. न्यायमूर्तिपदासाठी त्यांचं नाव चाललंय, अशी कुजबुज आहे. पक्षाचा शिक्का बसलेला माणूस कायद्याने न्यायमूर्ती होऊ शकतो का? असं पूर्वी कुणी झालंय का?
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : होऊ शकतो. राज्यघटनेचा अनुच्छेद 217 भारताचं नागरिकत्व आणि उच्च न्यायालयातली 10 वर्षांची वकिली किंवा तितकीच न्यायिक सेवा मागतो. पक्षाबद्दल त्यात अवाक्षर नाही. आमदार असताना वकिली करायलाही मनाई नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं.

अडतं ते पुढे. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती यांचं न्यायवृंद (कॉलेजियम) नाव सुचवतं. मग राज्य सरकारचं मत, गुप्तवार्ता विभागाचा अहवाल, केंद्राचं कायदा मंत्रालय, सर्वोच्च न्यायालयाचं न्यायवृंद आणि शेवटी राष्ट्रपतींची सही. राज्याने 6 आठवड्यांत मत कळवायचं असतं, तरी फाइल महिनोन्‌महिने पडून राहते. वकिलाने चालवलेली प्रकरणं, त्यांतले निकाल, आयकराची विवरणपत्रं असं सगळं पाहिलं जातं. आमदारकीच्या धामधुमीत ज्याचं कोर्टात उभं राहणंच सुटलं, त्याची सनद कितीही जुनी असली तरी इथे तो लंगडा पडतो. जुनी भाषणं आणि समाजमाध्यमांवरच्या नोंदीही बाहेर निघतात. 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयातल्या एका नियुक्तीला अशाच कारणांवरून आव्हान दिलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं : पात्रता आम्ही तपासू, योग्यता ठरवणं न्यायवृंदाचं काम.

उदाहरण म्हणाल तर व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्याइतकं ठळक दुसरं नाही. तलश्शेरीचे वकील. 1952 मध्ये मद्रास विधानसभेत अपक्ष निवडून आले. 1957 मध्ये केरळात ई. एम. एस. नंबूद्रीपाद यांच्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात कायदा, गृह, तुरुंग अशी खाती त्यांच्याकडे होती. 1959 मध्ये केंद्राने ते सरकार बरखास्त केलं आणि अय्यर पुन्हा वकिलीकडे वळले. 1968 मध्ये केरळ उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयात. तेव्हा न्यायवृंद नव्हतं, नेमणुकीत सरकारचाच शब्द चाले. त्यामुळे आजच्या नियुक्त्यांशी थेट तुलना करू नये.

त्यांची कसोटी लागली जून 1975 मध्ये. अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड रद्द केली होती आणि सर्वोच्च न्यायालयात सुट्टीतले न्यायमूर्ती म्हणून अय्यर एकटेच बसले होते. कायदामंत्री एच. आर. गोखले यांनी भेटायला येऊ का, असं फोनवर विचारलं. अय्यर म्हणाले, अपील असेल तर ते न्यायालयाच्या कार्यालयात दाखल करा. (गंमत म्हणजे गोखले हे उलट वाटेने आलेले : आधी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, मग राजकारणी.) 24 जूनला अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली. बाईंना पंतप्रधान राहता येईल, सभागृहात बोलता येईल, पण खासदार म्हणून मत देता येणार नाही. विरोधकांना हवी ती पूर्ण बंदी मिळाली नाही आणि सरकारला हवी ती बिनशर्त स्थगितीही नाही. कोणत्याही बाजूचा शिक्का त्या आदेशावर मारता येत नाही, असं आमचं मत.

प्रश्न : मग निवृत्तीनंतर पुन्हा निवडणूक लढवता येते?
– तोच वाचक

उत्तर : येते. कायद्याने सक्तीचा थांबा ठेवलेला नाही. अनुच्छेद 220 ची बंदी वकिलीपुरती : ज्या उच्च न्यायालयात कायम न्यायमूर्ती होतात, तिथे परत वकिली नाही. अय्यर 1987 मध्ये राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले आणि आर. वेंकटरमण यांच्याकडून हरले. त्यात कुणाला फार खटकलं नाही, कारण निवृत्तीला जवळपास सात वर्षं झाली होती. बहरुल इस्लाम यांचं उदाहरण मात्र आजही कडवटपणे काढलं जातं : राज्यसभेतून गुवाहाटी उच्च न्यायालयात, तिथून सर्वोच्च न्यायालयात, आणि 1983 मध्ये न्यायमूर्तिपदाचा राजीनामा देऊन त्याच वर्षी पुन्हा राज्यसभेत.