चीनवरची प्रवासवर्णने वाचून चीन खरोखर समजतो का? कोणती पुस्तके वाचावीत?

समजतो, परंतु पुस्तक निवडताना लेखक किती फिरला यापेक्षा तिथे त्याचे कोणावाचून अडत होते हे आधी पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. शांघायच्या उंच इमारती, वेगवान रेल्वे आणि चीनची भिंत पाहून आठवड्याभरात परतलेल्या पर्यटकाच्या पुस्तकात माहिती भरपूर असते. चिनी माणूस मात्र त्यात बहुधा गाइड म्हणूनच भेटतो.

विक्रम सेठ यांचे ‘फ्रॉम हेवन लेक’ (१९८३) मला याच कारणासाठी मोलाचे वाटते. नानजिंग विद्यापीठात शिकत असताना १९८१ साली ते शिंच्यांग, कान्सू, चिंगहाय, तिबेट आणि नेपाळ अशा वाटेने, बराच पल्ला ट्रकमधून काटत, दिल्लीला घरी यायला निघाले. शिंच्यांगमधल्या तुर्फान गावी एका कार्यक्रमात त्यांनी ‘आवारा हूँ’ गायले आणि त्यानंतर तिथल्याच पोलीस ठाण्यात त्यांच्या प्रवास परवान्यावर ल्हासाचे नाव चढले. पुढे पुराने रस्ते तुटले आणि त्यांना रखडावे लागले. या सगळ्या प्रवासात सरकारी यंत्रणेचा ताठरपणा आणि साध्या माणसांचा जिव्हाळा शेजारी शेजारी दिसतो, आणि ल्हासात भेटलेला एक तिबेटी माणूस माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीत आपल्या कुटुंबाची झालेली परवड सांगतो, तेव्हा लेखक त्यावर भाष्य करायची घाई करत नाही. हा संयम मला फार थोड्या प्रवासवर्णनांत आढळला आहे.

दुसरे पुस्तक अमेरिकन लेखक पीटर हेसलर यांचे ‘रिव्हर टाउन’ (२००१). याला प्रवासवर्णन म्हणावे का, असा प्रश्न पडू शकतो, कारण हेसलर १९९६ ते १९९८ या काळात मुख्यतः एकाच गावी राहिले. यांगत्से आणि वू या नद्यांच्या संगमावरच्या फूलिंगमध्ये ते भावी शिक्षकांना इंग्रजी साहित्य शिकवत आणि स्वतः चिनी भाषा शिकत. तिथे नदीच्या पात्रात बाइहलियांग नावाचा एक लांब खडक होता. त्यावर तांग राजवटीच्या काळापासून (सातवे ते दहावे शतक) मासे आणि शिलालेख कोरलेले आहेत. हिवाळ्यात पाणी उतरून ते मासे दिसू लागले की पीकपाणी चांगले होणार, असा समज होता. हेसलर यांच्या पुस्तकात हा खडक अजून पाण्याबाहेर येतो. यांगत्सेवरच्या थ्री गॉर्जेस धरणाच्या जलाशयाने तो पुढे कायमचा बुडवला आणि २००९ पासून तो पाहायला पाण्याखालच्या संग्रहालयात उतरावे लागते. म्हणून चीनवरचे कोणतेही पुस्तक उघडताना ते कोणत्या सालचे आहे हे ध्यानात ठेवा. तिथे वीस वर्षांत नदीची पातळीसुद्धा तीच राहिलेली नाही.

मराठी वाचकाने याच्या जोडीला ह्युएन त्संगचा सातव्या शतकातला वृत्तांत अवश्य वाचावा, कारण त्यात चिनी प्रवासी आपल्याकडे पाहतो. पुलकेशीच्या काळातल्या महाराष्ट्राबद्दल तो लिहितो की इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, मात्र सूड घेण्यापूर्वी शत्रूला तशी सूचना देतात. हरलेल्या सेनापतीला स्त्रीवेष देतात, आणि लढाईपूर्वी हत्तींना मद्य पाजतात. हे वाचताना आधी अभिमान वाटतो आणि मग प्रश्न पडतो, की एवढ्या मोठ्या मुलखातली सगळी माणसे एकाच स्वभावाची कशी असतील? ‘चिनी माणूस असा असतो’ हे वाक्य वाचून एखाद्या चिनी वाचकाला काय वाटत असेल, ते मला या उताऱ्यामुळे कळले. याउलट, दाराशी दोन बाजूंना दगडी हत्ती असलेल्या एका विहाराचे ह्युएन त्संगने केलेले वर्णन इतके नेमके आहे की तो विहार अजिंठ्याचाच, असे अनेक अभ्यासक मानतात. सेठ आणि हेसलर वाचतानाही मी अशाच, डोळ्यांनी पाहून लिहिलेल्या तपशिलांवर अधिक विसंबतो. तुम्ही सुरुवात सेठ यांच्यापासून करा, आणि नकाशा शेजारी ठेवा.