एल्कसाठी कोणती रायफल?

प्रश्न : कोलोरॅडोत परवाना काढून एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जाणार आहे. ४०० यार्डांपर्यंतच्या नेमासाठी ६.५ क्रीडमूर या काडतुसाची रायफल घ्यावी की .३०० विंचेस्टर मॅग्नमची?

उत्तर : २००७ साली आलेल्या क्रीडमूरचा खांद्याला बसणारा धक्का सौम्य असतो, १९६३ च्या .३०० विंचेस्टर मॅग्नममधून अधिक जड गोळी अधिक वेगाने सुटते, आणि एल्कसारख्या मोठ्या जनावरासाठी मला तीच योग्य वाटते. मात्र तिच्या धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना डोळे मिटत असतील, तर क्रीडमूर घेऊन अंतर निम्म्यावर आणावे. वाऱ्याचा अंदाज चुकला, तर कोणतेही कॅलिबर ती चूक भरून काढत नाही. म्हणून प्रत्यक्ष शिकारीत जसे बसून वा टेकून नेम धरतो, तशा पवित्र्यातून सगळ्या गोळ्या ८ इंचांच्या वर्तुळात जिथवर बसतात, त्यापलीकडे कृपया बार काढू नये. जखमी होऊन निसटलेले जनावर तासन्‌तास तडफडते.