घरी बोलतो ती तेलुगू, पण लिपी येत नाही

ताई,

तुमचं सोलापूरहून आलेलं पत्र वाचलं. लेक बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, शिक्षण सगळं मराठी माध्यमातून. घरी पद्मशाली, म्हणजे तुमच्या विणकर समाजाची, तेलुगू बोलता, सासूबाईंना तेलुगू संतकवी वेमनाची पद्यं तोंडपाठ, आणि त्यांच्याच नादाने लेकीला तेलुगू साहित्यात एमए करायचंय. तिच्या वडिलांचे प्रश्न दोन: लिपीच येत नाही तर शिकणार कशी, आणि शिकून नोकरी कुठली?

लिपीचं आधी. तेलुगूची बाराखडी आपल्यासारखीच आहे, जोडाक्षरात दुसरं अक्षर खाली येतं एवढं डोळ्याला बसवावं लागतं. ज्या भाषेत मुलगी लहानपणापासून भांडली-रुसली, तिची लिपी रोज तासभर बसून दोन-तीन महिन्यांत वाचता येईल. खरी अडचण पुढे आहे. घरची बोली वेगळी आणि अकराव्या शतकात नन्नय या कवीने महाभारत तेलुगूत आणायला घेतलं ती संस्कृतप्रचुर काव्यभाषा वेगळी. ग्रंथातली भाषा आणि माणसांची भाषा यांतलं हेच अंतर मिटावं म्हणून तेलुगू लेखक गिडुगु राममूर्ती आयुष्यभर भांडले; २९ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस तेलुगू भाषा दिन म्हणून पाळतात. म्हणून सुरुवात मुलांच्या गोष्टींनी करू द्या, मग वेमना, मग आजच्या कथा. नन्नय थांबेल.

नोकरीबद्दल मी गोड बोलणार नाही. तेलुगूच्या प्राध्यापकी जागा मुख्यतः आंध्र-तेलंगणात, आणि तिथे स्पर्धा पहिलीपासून तेलुगूत शिकलेल्या मुलांशी. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेला तेलुगू विषय आहे, ती द्यावीच. पण सगळा डाव त्यावर लावू नये. अनुवादाचं, डबिंग-सबटायटलचं काम मिळतं, मात्र पहिली काही वर्षं मिळकत अनियमित असते. घरखर्च लगेच तिच्यावर येणार असेल, तर बीएड किंवा दुसरा आधार सोबत हवा.

तरीही मी तिला अडवणार नाही, कारण तिच्याकडे दोन भाषा आहेत आणि त्या दोन्ही लागतील असं काम पडून आहे. तंजावरचे शहाजीराजे भोसले, म्हणजे एकोजींचे (व्यंकोजींचे) पुत्र, तेलुगूत यक्षगानं, म्हणजे गीत-नृत्याची नाटकं, लिहीत. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी आणि तेलुगू हस्तलिखितं एकाच छताखाली आहेत. दोन्ही वाचू शकणारी माणसं किती असतील? आणि एवढ्या लांब कशाला, तुमच्याच घरात बघा. नारळी पौर्णिमेला सोलापुरात पद्मशालींच्या मार्कंडेयाचा रथ निघतो. तेलंगणात कूनपुली नावाचे कथेकरी पद्मशालींचं मार्कंडेय पुराण, म्हणजे समाजाचे मूळपुरुष भावनाऋषी यांची कथा, लांबलचक रंगीत पट उलगडत सांगत आले. तिथल्याच चेरियाल गावचे चित्रकार ते पट रंगवतात. तीच कथा सोलापूरच्या आज्या कशी सांगतात, मराठी तिच्यात कुठे मिसळली, हा संशोधनाचा अस्सल विषय आहे. तेलुगू विद्यापीठाचा लोकसाहित्याचा विभाग तेलंगणात वरंगळला आहे, तेही लक्षात ठेवा.

म्हणून माझा कल थेट एमए तेलुगूपेक्षा तुलनात्मक साहित्य किंवा अनुवादाकडे आहे. हैदराबाद विद्यापीठात तेलुगू विभाग आहे, शिवाय तुलनात्मक साहित्य आणि उपयोजित भाषाशास्त्र व अनुवाद यांची स्वतंत्र केंद्रं आहेत. पदवीला तेलुगू विषय नसलेल्यांना कुठे प्रवेश मिळतो आणि त्यासाठी कोणती प्रवेश परीक्षा लागते, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात आधी बघा. फॉर्म भरायची तारीख निकालाच्या बरीच आधी संपते.

तोवर एक काम. सासूबाईंना भावनाऋषींची गोष्ट सांगायला लावा, लेकीने ती मोबाइलवर रेकॉर्ड करावी, मग तेलुगू लिपीत उतरवून मराठीत आणावी. चुका राहू देत. दोन पानं झाली की मला पाठवा, पुढचं त्यावरून बोलू. त्या बैठकीला तिच्या वडिलांनाही बसवा.