अफरातफर आणि गैरविनियोग एकच का?

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीच्या लेखापरीक्षण अहवालात, पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेल्या, निधीतील काही रक्कम अंतर्गत रस्त्यावर खर्च केल्याबद्दल 'गैरविनियोग' असा आक्षेप आहे. वृत्तपत्राने मात्र 'केंद्राच्या निधीची अफरातफर' असा मथळा दिला. हे दोन्ही शब्द समानार्थी आहेत का?

उत्तर : नाहीत. ते समानार्थी मानल्यामुळे गावोगावी प्रामाणिक माणसांवर चोरीचा शिक्का बसतो आणि खरी चोरी त्याच गर्दीत निसटते, म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे कडक शब्दांत देणे मला आवश्यक वाटते. 'अपहार' या शब्दावर वेळ घालवण्याचे कारण नाही. हरण करणे, पळवून नेणे हा त्याचा अर्थ शब्दातच उघड आहे. 'घोटाळा' या शब्दात तर हिशेबातल्या साध्या चुकीपासून दरोड्यापर्यंत काहीही बसते, त्यामुळे काटेकोर लेखनात तो निरुपयोगी आहे.

'विनियोग' हा शब्द ज्यांनी संध्येत ऐकला आहे, त्यांना त्याचा नेमका अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. 'प्राणायामे विनियोगः' असे म्हणताना, हा मंत्र या कर्मासाठी योजलेला आहे, दुसऱ्या कर्मासाठी नाही, असे आपण जाहीर करत असतो. बंधित निधीची घडण नेमकी अशीच आहे. 2021-22 ते 2025-26 या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानाचा 60 टक्के भाग बंधित ठेवला : त्यातला निम्मा स्वच्छता आणि हागणदारीमुक्तीचा दर्जा टिकवण्यासाठी, निम्मा पिण्याचे पाणी, पर्जन्यजलसंचय आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेला 40 टक्के अबंधित भाग गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, मात्र पगार आणि आस्थापना खर्चासाठी नाही. पाण्यासाठी योजलेला पैसा रस्त्यावर घातला, रस्ता खरोखर झाला, ठेकेदाराला योग्य तेवढीच रक्कम मिळाली, तरी योजना मोडली, आणि म्हणून तो गैरविनियोग. तो दोष आहे, आणि गंभीर दोष आहे, कारण त्या वर्षी गावाचे पाणी तेवढ्याने मागे पडले. पण त्यात कोणाच्या खिशात काही गेले, असे हा शब्द म्हणत नाही.

आता 'अफरातफर'. हा शब्द अरबी 'इफ्रात' आणि 'तफ्रीत' या जोडीतून फारसीमार्फत आपल्याकडे आला. इफ्रात म्हणजे मर्यादेपलीकडे जाणे, आधिक्य. तफ्रीत म्हणजे मर्यादेच्या अलीकडे राहणे, उणेपणा. दोन्ही शब्दांचा धातू एकच आहे आणि अर्थ मात्र परस्परविरुद्ध. उर्दूत आजही चलनवाढीला 'इफ्रात-ए-जर' आणि चलनघटीला 'तफ्रीत-ए-जर' म्हणतात, म्हणजे पैशाशी या जोडीचे नाते अजून तुटलेले नाही. मराठीच्या तोंडी बसताना पहिल्या शब्दाच्या शेवटचा 'त' आणि दुसऱ्याच्या सुरुवातीचा 'त' एकमेकांत मिसळले, शेवटचा 'ईत' गळला आणि 'अफरातफर' उरली. हिंदीत तो 'ई' टिकला आणि शब्द झाला 'अफरातफरी', पण अर्थ गेला भलत्याच दिशेला : गोंधळ, पळापळ. आपल्या वृत्तवाहिन्या आता 'आग लागताच अफरातफरी माजली' असे सर्रास म्हणतात. धांदल, पळापळ, हलकल्लोळ, तारांबळ असे एकाहून एक नेमके शब्द घरात असताना शेजारच्या भाषेतला अर्थ उसना आणून आपल्या शब्दाची धार घालवायची, हे मला सहन होत नाही. मराठीत अफरातफर पैशाची होते, मालाची होते, धान्याची होते. माणसांची होत नाही.

काही व्युत्पत्तिकार हा शब्द 'उलथापालथ', 'गडबड' यांच्या रांगेत बसवून नुसता नादानुकारी ठरवतात. हे मत केवळ कानाने बनवलेले आहे. जोडशब्दात बहुधा एखादा घटक तरी भाषेत स्वतंत्र उभा राहतो, किंवा निदान त्याचे मूळ क्रियापद सापडते. 'अफरा' आणि 'तफर' मराठीत एकटे कुठेच आढळत नाहीत. शिवाय इतका नेमका हिशेबी अर्थ नुसत्या नादातून येईलच कसा, याचे उत्तर या मंडळींनी दिलेले माझ्या वाचनात नाही.

अर्थ चोरीकडे कसा वळला, याबद्दलचा माझा तर्क असा आहे. मराठेशाहीत मामलतदाराच्या कारभारावर अंकुश ठेवण्यासाठी मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस असे दरकदार, म्हणजे हिशेब आणि दप्तर सांभाळणारे अधिकारी, असत. त्यांची नेमणूक मामलतदाराच्या हाती नसे आणि त्यांना काढून टाकण्याचा अधिकारही त्याला नसे. खर्चाचा कागद एकाच्या हातून निघाला तरी तो दुसऱ्याच्या नजरेखालून जायचाच. आज ज्याला अंतर्गत नियंत्रण म्हणतात, ते हेच. अशा तपासणीत चोरी थेट दिसत नाही. दिसते ते एका कागदावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी. खर्ची पडलेले धान्य कागदावर जास्त, कोठारातून प्रत्यक्ष गेलेले कमी. इफ्रात आणि तफ्रीत ही आधी त्या कमीजास्तीची नोंद असावी आणि ती वारंवार चोरीपाशीच पोहोचते, हे कळल्यावर नोंदीचे नाव गुन्ह्याला चिकटले असावे. मला ही उपपत्ती पटते, कारण चोरी कशी सापडते हे त्या शब्दातच लिहिलेले आहे.

आजच्या ग्रामपंचायतीत हे अगदी जवळून पाहता येते. समजा, नळपाणी योजनेच्या दुरुस्तीसाठी नमुना 5 च्या रोकडवहीत 4,80,000 रुपये खर्ची पडले आहेत आणि मोजमाप पुस्तिकेत (प्रत्यक्ष झालेल्या कामाची मापे लिहिण्याच्या वहीत) नोंदलेल्या कामाची किंमत 3,90,000 रुपयेच भरते. वहीत आधिक्य, कामात उणेपणा, मधले 90,000 रुपये बेपत्ता. लेखापरीक्षक याला आधी 'तफावत' म्हणतो. (तफावत हाही अरबी शब्दच, पण त्याचा धातू निराळा, 'तफ्रीत'शी त्याची गाठ घालण्याचा मोह आवरावा.) खुलासा मागितल्यावर दुसरे मोजमाप दाखवले गेले, तर तफावत मिटली. नाही दाखवले, पैसे मात्र गेलेले आहेत, तर ती अफरातफर. वित्त आयोगाचा निधी आता ई-ग्रामस्वराज (पंचायतींची ऑनलाइन हिशेबप्रणाली) आणि पीएफएमएस (केंद्राची निधी-वितरण प्रणाली) यांच्या जोडणीतून, ग्रामसेवक (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) आणि सरपंच या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्यांनी थेट ठेकेदाराच्या खात्यात जातो. ती रक्कम रोखीने हातात येत नाही. ही व्यवस्था चांगलीच आहे, पण ती देयक कोणाला गेले एवढेच पक्के करते. काम किती झाले, हे अजूनही मोजमाप पुस्तिकाच सांगते, आणि दोन्ही स्वाक्षऱ्यांची साधने एकाच संगणकचालकाच्या खणात पडून असतील, तर दुसऱ्याची नजर उरतच नाही.

शासकीय परिभाषेच्या कैवाऱ्यांशीही माझा वाद आहे. 'अफरातफर' हा परकीय आणि बाजारू शब्द आहे, म्हणून सगळीकडे 'दुर्विनियोग' लिहावे, असा आग्रह ते धरतात. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हा दाखला त्यासाठी हमखास पुढे केला जातो. तो प्रयत्न थोरच होता. पण मुजुमदाराला 'अमात्य' हे नाव मिळाल्यावरही मराठी माणसाने मुजुमदार सोडला नाही, आणि आडनावात तो आजही नांदतो आहे. शिवाय येथे नुसता शब्द बदलत नाही, दोन वेगळ्या दोषांमधली रेघ पुसली जाते. 'दुर्विनियोग'मध्ये वाईट रीतीने योजणे आहे. नाहीसे करणे नाही. कायद्यानेही ही रेघ राखली आहे : मालमत्ता लाटणे आणि विश्वासघात यांविषयीच्या, जुन्या भारतीय दंड संहितेच्या 403 व्या आणि 409 व्या कलमांत, किंवा 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 314 व्या आणि 316 व्या कलमांत, अप्रामाणिकपणा हा गाभा आहे. पाण्याचा पैसा रस्त्यावर उघडपणे, ग्रामसभेचा ठराव करून, बिलासह खर्च करणाऱ्याला केवळ तेवढ्याने ही कलमे लावता येत नाहीत.

तेव्हा तुमच्या प्रश्नातल्या हकिगतीपुरता अहवालाचा शब्द बरोबर आहे आणि मथळ्याचा चुकीचा. 'पाण्याचा निधी रस्त्यावर' असे छापले असते, तर ते खरेही झाले असते आणि वाचकाला जास्त कळलेही असते. मात्र अहवाल हातात आहेच, तर त्याच आक्षेपाखाली रस्त्याच्या मोजमापाविषयी काय लिहिले आहे, ते जरूर पाहावे. लांबी, रुंदी आणि जाडी वहीतल्या रकमेशी जुळत असेल, तर विषय गैरविनियोगावर थांबतो. 'मोजमाप पुस्तिका लेखापरीक्षणास उपलब्ध करून दिली नाही' असे वाक्य सापडले, तर अफरातफर शब्द अजून लिहिता येणार नाही, पण ती पुस्तिका पुढच्या ग्रामसभेत मागावी लागेल.